पंधरा मिनिटं हाताची, बाकी वाळण्याची

आर्ट जर्नलला, म्हणजे रंग, चिकटवलेले कागद आणि लिखाण यांनी पानं भरायच्या वहीला, वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा एक मोकळा रविवार असतो. जेवणं उरकली, घर आडवं झालं, टेबलावर रंग, कात्री, गोंद मांडले आणि दिवेलागणीपर्यंत पान तयार. हा रविवार येत नाही. आलाच तर पान बिघडतं. मिक्स्ड मीडियाच्या एका पानाला हाताचं काम लागतं जेमतेम तास-सव्वा तास, पण वाळायला दीड-दोन दिवस लागतात. एका बैठकीत उरकायला गेलं की ओल्यावर ओलं चढतं. गेसो, म्हणजे कागदाला दिलेलं पांढरं अस्तर, पूर्ण वाळायच्या आत चिकटवलेला कागद फुगे धरतो, गोंद ओला असताना मारलेला रंग खालून कागद सोडवून घेतो, आणि रंगाच्या ओलीवर टेकवलेलं पेन तिथंच बंद पडतं. व्हिडिओत हेअर ड्रायर फिरवून पाच मिनिटांत पान होतं ते कापून जोडलेलं असतं. शिवाय गरम वाऱ्यानं अॅक्रिलिकची वरची साय वाळते, आतली ओल अडकते आणि मग फोड येतात.

म्हणून वेळ शोधायच्या ऐवजी कामच वाळण्याच्या हिशेबानं तोडावं. पंधरा-वीस मिनिटांच्या चार पाळ्या. सकाळी डबे भरून झाल्यावर एक, रात्री ओटा पुसल्यावर एक. मधल्या वेळात पान आपलं काम करतं, आपण आपलं.

यात पहिली अडचण वहीचीच येते. शिवलेल्या वहीत एका वेळी एकच जोडपान उघडं राहू शकतं. ते ओलं असेल तर अख्खी वही अडली. त्यामुळं वही आधी शिवूच नये. सुट्या तावांवर काम करावं, ते वाळवावेत, दाबावेत आणि बांधणी शेवटी करावी. एका पाळीत तीन-चार ताव पुढं सरकतात, आणि गेसोचा डबा एकदा उघडला की तेवढ्याच वेळात चारही तावांवर हात फिरतो.

कागद कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या, १३० ते १५० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा कागद एका ओल्या थरातच चुरगळतो. दोन पानं एकमेकांना चिकटवून जाड करता येतात, पण त्यात एक वाळण वाढते. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद उत्तम, फक्त त्याची घडी नीट बसत नाही आणि आठ पानांत वहीचं पोट सुटतं.

ए-३ ताव मधोमध कापून ए-४ करा आणि त्याची घडी घाला, म्हणजे ए-५ची वही होते. सरळ ए-४चे सुटे कागद घेऊ नका, आणि यामागं कारण आहे. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते, तिला बाइंडर ग्रेन म्हणतात. बाजारातल्या ए-४ची ग्रेन बहुधा लांबीच्या बाजूनं जाते, त्यामुळं घडी तंतूंना आडवी पडते. त्या घडीला तंतू सुटतात, रंग तिथं तडकतो आणि पान वहीत सरळ पडून राहत नाही. ए-३ची ग्रेन लांबीत असेल तर तो मधोमध कापल्यावर घडी ग्रेनच्या बरोबरीनं येते. खात्री करायची तर कागद न मोडता दोन्ही दिशांनी अलगद वाकवून बघा. ज्या बाजूनं कमी विरोध करतो ती ग्रेनच्या बरोबरीची घडी.

चार ताव एकात एक घातले की सोळा पानांचं एक जुज होतं. कामाला बसण्याआधी पेन्सिलीनं पानांचे आकडे घाला, नाहीतर घोळ ठरलेला. सगळ्यात बाहेरच्या तावावर १, २, १५, १६ येतात. त्याच्या आतल्यावर ३, ४, १३, १४. मग ५, ६, ११, १२. सगळ्यात आतल्यावर ७, ८, ९, १०. म्हणजे वहीत समोरासमोर येणारी २ आणि ३ ही पानं वेगवेगळ्या तावांवर असतात. दोन पानांवर सलग पसरणारं चित्र हवं असेल तर ते फक्त ८-९ वर जमतं. घडीच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटिमीटर पट्टा कोरा ठेवा, तिथं गेसोही नको. वाळलेला गेसो घडीवर तडकतो आणि दाभण घालताना त्याचे कपचे उडतात.

पाळ्या

पहिली पाळी गेसोची. गेसो म्हणजे पानाचं अस्तर. ते दिलं की कागद पाणी पीत नाही आणि वरच्या रंगाला धरायला खरबरीतपणा मिळतो. विकतचा चांगला, पण घरचाही भागतो. दोन चमचे पांढरा अॅक्रिलिक, दोन चमचे टाल्कम पावडर, एक चमचा फेविकॉल, आणि ताकाइतकं सैल होईपर्यंत थेंब-थेंब पाणी. पावडर जास्त झाली तर वाळल्यावर बोटाला पांढरं लागतं. फेविकॉल जास्त झालं तर पृष्ठभाग चकचकीत होतो आणि त्यावर जलरंग थेंब धरून बसतो. ब्रशपेक्षा जुन्या एटीएम कार्डनं ओढून लावा. थर इतका पातळ बसतो की कोरड्या दिवसात पंधरा-वीस मिनिटांत हात लावता येतो. रंगाऱ्याच्या स्वस्त ब्रशचे केस पानात अडकतात आणि ते वाळल्यावर दिसतात, ओलं असताना नाही.

दुसरी पाळी चिकटवण्याची, आणि पान वाकडं होतं ते इथंच. गोंदाच्या पाण्यानं कागद ग्रेनला आडवा पसरतो, वाळताना आकसतो आणि खालच्या तावाला ओढतो. दोन भाग फेविकॉलला एक भाग पाणी, याहून पातळ करू नका. चिकटवायच्या तुकड्याला मागून गोंद लावून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे त्याला काय पसरायचंय ते हातात असतानाच पसरून घेतो. मग मधून कडेकडे कार्डनं हवा काढा. एका बाजूला मोठा तुकडा लागला असेल तर तावाच्या पाठीलाही तेवढाच कागद लावा, दोन्हीकडून ओढ सारखी बसते. वरचा ओलावा गेला की वर-खाली बटर पेपर ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर. पोळपाट उलटा घालून वर तांदळाचा डबा ठेवला तरी चालतं. ओला ताव लगेच दाबायचा मोह आवरा, पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दोन दिवसांनी कुबट वास येतो.

तिसऱ्या पाळीत रंग. यावर फार लिहिण्यासारखं नाही. दोन किंवा तीनच रंग घ्या, एक फिकट, एक गडद. सगळ्या बाटल्या उघडल्या की शेवटी चिखल होतो.

चौथ्या पाळीत स्टेन्सिल, ठसे आणि लिखाण. अॅक्रिलिकवर बॉलपेन अडखळतं आणि जेल पेन पुसलं जातं. अॅक्रिलिक मार्कर किंवा पाण्याला न विरघळणाऱ्या शाईचं पेन चालतं, पण रंग दिल्यावर एक रात्र जाऊ द्या. ओलसर रंगात निब रुतली की ते पेन बहुधा कायमचं गेलं.

ठशांसाठी पांढरं खोडरबर आणि कटरचं पातं पुरतं. अक्षर उलटं कोरायचं हे सगळ्यांना माहीत असतं. देवनागरीत आणखी एक गोष्ट आहे: शिरोरेषेसकट एकेक अक्षर कोरलं तर शब्द छापताना रेषा जोडल्या जात नाहीत, पायऱ्या दिसतात. रेषा न घेता फक्त अक्षरांची अंगं कोरा, ओळीत छापा आणि शेवटी पट्टी धरून वरची रेषा एकदाच ओढा. आपल्या बेळगावकडं कानडीही लागते; तिची अक्षरं सगळी वळणाची. पातं वळवायला गेलात की कड फाटते. पातं स्थिर धरून खोडरबर फिरवायचा. स्टेन्सिल कापत असाल तर 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला दोन मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो.

ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी ओली पाळी लावू नका. ब्रश धुवायला पाणी असतं हे खरं, पण दर दोन मिनिटांनी बॅरलकडं धाव असते आणि पॅलेटवरचा रंग तेवढ्यात दगड होतो. त्या दिवशी कोरडी कामं काढा: कापणं, घड्या, पाकिटं, लेबलं, ठसे कोरणं. दिवे गेल्यावरही हीच कामं चालतात, फक्त कटर बाजूला ठेवून.

खानापूर आणि अथणी

वाळण्याचे आकडे पुस्तकातून किंवा व्हिडिओतून घेऊन आपल्याकडं उपयोग नाही. बेळगावच्या एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडेच वाळत नाहीत तिथं गेसो काय वाळणार. बेळगाव शहरातही श्रावण संपेपर्यंत हवा दमटच. या दिवसांत प्रत्येक पाळीनंतर पूर्ण एक दिवस सोडा आणि एका वेळी दोनच ताव हातात घ्या. हाताच्या मागच्या बाजूनं पान चाचपा. गार लागलं तर आत ओल आहे. फ्रिजच्या वर किंवा मागं थोडी ऊब असते, तिथं ताव उभे टेकवून ठेवता येतात. चुलीच्या वर नको, धूर आणि फोडणीची वाफ दोन्ही कागदाला चिकटतात.

उलट अथणी, रायबागकडं मार्च-एप्रिलमध्ये अॅक्रिलिक पॅलेटवरच वाळतो. ताटलीत ओला रुमाल, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग काढला की तासभर टिकतो. गोंदही हातातच वाळतो, म्हणून मोठा तुकडा एकदम न लावता अर्धा-अर्धा लावत जा.

पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. अॅक्रिलिक हे एक प्रकारचं प्लास्टिक. वरून वाळलं तरी पुरतं कडक व्हायला कित्येक दिवस घेतं. दोन रंगवलेली पानं समोरासमोर दाबून ठेवली की ती एकमेकांना धरतात आणि ओढून सोडवताना एकाचा रंग दुसऱ्यावर निघून येतो. मधे बटर पेपर ठेवा. काम पूर्ण झाल्यावर पानावर टाल्कम पावडर चोळून फडक्यानं झटका, किंवा पांढरी मेणबत्ती हलक्या हातानं फिरवून सुती कापडानं घासा. मेण अगदी शेवटी, कारण त्यानंतर त्या पानावर ना गोंद धरत ना शाई.

कागद कुठला, आणि कुठला नको

बेळगावच्या गणपत गल्ली, खडेबाजारात शिरलं की स्टिकर, वॉशी टेप, ग्लिटर समोर येतं. ते शेवटी घ्या. साहित्य जमवणं हा वेगळा छंद आहे आणि तो वेळ व पैसा दोन्ही खातो. कार्ट्रिजचे ताव, पांढरा आणि काळा अॅक्रिलिक, आणखी दोन रंग, फेविकॉल, एक इंची सपाट ब्रश, कटर आणि स्टीलची पट्टी. वर्षभर एवढ्यावर चालतं. बाकी घरातच येतं.

सीमाभागातल्या लग्नपत्रिका हा आपल्याकडचा खरा खजिना. एका पाकिटात मराठी, दुसऱ्यात कानडी, कधी दोन्ही एकाच कार्डावर पाठपोट. कार्ड जाड असतं, खिसे आणि टॅग करायला उत्तम. पण बऱ्याच कार्डांवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्याच्यावर रंग धरत नाही आणि मागून फेविकॉलही सुटतं. बारीक पॉलिश पेपरनं चमक घालवा, मग गेसो द्या. कोपऱ्याला लावलेलं हळदी-कुंकू ओलं झालं की पसरतं, तेवढा कोपरा कापा किंवा त्यावर फेविकॉलचा पातळ हात मारून आधी वाळू द्या. कार्डावरचा गणपती कुणाच्यानं टाकवत नाही, तो वहीच्या पहिल्या पानाला लावावा, प्रश्न मिटतो.

एसटी आणि कर्नाटकच्या सरकारी बसची यंत्रातून निघणारी तिकिटं, एटीएमच्या चिठ्ठ्या, दुकानांची बिलं बहुधा थर्मल कागदाची असतात. त्यावर शाई नसतेच, उष्णतेनं काळा होणारा लेप असतो. इस्त्री लागली की सगळं काळं, मार्करच्या स्पिरिटनं डाग, आणि नुसती ठेवली तरी अक्षरं उडतात. तिकिटाची झेरॉक्स लावा. जुनी पंच केलेली रंगीत तिकिटं घरात कुठं सापडली तर ती छापील आहेत, ती खुशाल वापरा.

फोटोंचंही तेच. इंकजेटवर काढलेली प्रत ओल्या गोंदानं विरघळते. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या, त्यातली टोनरची पूड भाजून बसवलेली असते आणि पाण्यानं हलत नाही. हीच प्रत पानावर उतरवताही येते. पानाला पांढऱ्या अॅक्रिलिकचा किंवा मॅट मिडियमचा (अॅक्रिलिकचाच, पण बिनरंगाचा आणि बिनचमकीचा) दाट हात द्या, प्रत पालथी दाबा, रात्रभर वाळवा, मग ओल्या बोटानं मागचा कागद गोल-गोल चोळून काढा. चित्र उलटं येतं, त्यामुळं अक्षरं असतील तर दुकानदाराला मिरर प्रत काढायला सांगा. चोळताना घाई केली तर चित्रही निघतं. एकदा चोळा, वाळू द्या, पांढरट दिसलं तर पुन्हा.

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, म्हणून तो उजेडात पिवळा पडून ठिसूळ होतो. खालच्या थराला, वरून गेसो मारून वापरायचा तर ठीक. एखादी बातमी जपायची असेल तर तिचीही झेरॉक्स. कुंद्याच्या, म्हणजे बेळगावच्या त्या मिठाईच्या, बॉक्सचं फक्त वरचं झाकण घ्या. आतला कागद तूप प्यालेला असतो, त्यावर काहीही चिकटत नाही आणि मुंग्या वहीपर्यंत येतात. जमिनीचे जुने उतारे, कानडी शिक्क्यांचे दाखले दिसायला फार सुंदर असतात, पण मूळ कागदाला कात्री लावू नका. कचेरीत ते कधी मागतील सांगता येत नाही.

खणाचे किंवा शहापूर-वडगावच्या साड्यांचे तुकडे शिंप्याकडं मिळतात. नुसते कापले की कडा उसवतात आणि फेविकॉल लावलं की ते विणीतून वर येऊन चकाकतं. आधी पाठीला पातळ कागद खळीनं चिकटवा, वाळू द्या, मग कापा. कड स्वच्छ येते.

खळ करणं सोपं. दोन मोठे चमचे मैदा पाव कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, एक कप उकळत्या पाण्यात ओता, मंद आचेवर हलवत राहा. पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर गाळणीतून काढा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, बाहेर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबते. खळीची खासियत अशी की ती सावकाश वाळते, तुकडा सरकवून नीट बसवायला वेळ देते. दोष असा की कसर आणि झुरळं तिच्यावर तुटून पडतात. जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालायचे. मोरचूद विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात तो प्रयोग नको. खळ कापडाच्या पाठीपुरतीच वापरा आणि पानांवर फेविकॉल.

पोत हवा असेल तर पांढरी रांगोळी चाळून घ्या. तीन भाग रांगोळी, एक भाग फेविकॉल, एक भाग पांढरा रंग, आणि स्टेन्सिलवरून कार्डनं ओढा. थर दोन मिलिमीटरच्या वर गेला तर वाळताना भेगा पडतात. हे पान पॉलिश पेपरसारखं समोरच्या पानाला घासतं, म्हणून त्याच्यासमोर फोटो लावू नका.

शेवटी शिवण

चारही ताव वाळले, दाबले की बांधणी. चिकटवलेल्या कागदांनी पानं जाड होतात आणि कणा पातळच राहतो, मग वही पंख्यासारखी उघडी पडते. त्यासाठी कार्ट्रिजच्या पाच सेंटिमीटर रुंद, २१ सेंटिमीटर उंच पट्ट्या कापून लांबीत घडी घाला आणि प्रत्येक दोन तावांमध्ये घडीला घडी लावून एक बसवा. कणा तेवढा भरतो.

घडीत तीन भोकं. मधलं साडेदहा सेंटिमीटरवर, बाकी दोन वरून आणि खालून तीन-तीन सेंटिमीटरवर. वाकळ शिवायचा जाड दोरा ५५ सेंटिमीटर घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा, म्हणजे गाठ सरकत नाही आणि कागद कापला जात नाही. आतून मधल्या भोकात जा, आठ सेंटिमीटर टोक आत सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतून थेट खालच्या भोकात, मधलं सोडून. बाहेरून पुन्हा मधल्यात शिरून आत या. दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी घ्या आणि त्या टाक्यावर गाठ मारा. दोरा ओढताना कण्याच्या दिशेनं ओढा. पानाकडं काटकोनात ओढलात की भोक फाटतं.

मुखपृष्ठाला पुठ्ठा आणि खण चांगलं दिसतं. अथणी, निपाणीकडं कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडं चामड्याची कातरण मिळाली तर कणा त्याचा करा. भोकं आरीनं आधी पाडून घ्या, सुई त्यात जात नाही. हे चामडं पावसाळ्यात बुरशी धरतं, तेव्हा वही प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता कपाटात उभी ठेवा, पानं थोडी सैल, शेजारी पूर्ण वाळलेला कडुलिंबाचा पाला. उघडीप मिळेल त्या दिवशी वही काढून पंख्याखाली तासभर पानं उलगडून ठेवायची, आणि पुढच्या जुजाचे ताव कापायला तोच तास वापरायचा.